गोळीनं जनुक बदलतं, की फक्त झेरॉक्स थांबते?

परळमधल्या आमच्या चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला त्याला आता आठ वर्षं झाली, पण दार उघडं ठेवायची सवय काही गेलेली नाही. गेल्या महिन्यात शेजारच्या वहिनी तशाच उघड्या दारातून फोन पुढे धरून आत आल्या. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी मथळा टाकला होता: प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे प्लीहा आणि थायमसमधल्या शेकडो जनुकांत बदल. खाली घाबरलेल्या चेहऱ्यांची रांग.

"भाऊजी, हे खरं का हो?"

वहिनींना सहा वर्षांपूर्वी थोरल्या बहिणीची किडनी बसवलीय. तेव्हापासून दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, तीन प्रकारच्या गोळ्या. मुलीचं लग्न जमवायचं चाललंय. त्यामुळे पुढचा प्रश्न जरा दबक्या आवाजात आला. "माझे जीन्स बदलले असले, तर पोरीला काही होणार नाही ना?"

मथळा खोटा नाही. पण त्यातला 'बदल' हा शब्द फसवा आहे. जनुक बदलणं वेगळं आणि जनुकाचं वाचन बदलणं वेगळं. वहिनींना समजावताना मला हा फरक नीट मांडायला अर्धा तास आणि दोन कप चहा लागला. इथं जरा सावकाश मांडतो.

रेकॉर्ड रूम आणि झेरॉक्स

महापालिकेचं एखादं वॉर्ड ऑफिस डोळ्यांसमोर आणा. आत रेकॉर्ड रूम. तिथं हजारो मूळ फायली. मूळ फाइल कधीच बाहेर जात नाही. काम निघालं की तिची झेरॉक्स निघते, ती खालच्या मजल्यावर जाते आणि त्या कागदाबरहुकूम माणसं कामाला लागतात.

आपल्या पेशीत असंच चालतं. रेकॉर्ड रूम म्हणजे पेशीचं केंद्रक. मूळ फाइल म्हणजे जनुक, डीएनएवरचा एक मजकूर. झेरॉक्स म्हणजे आरएनए. आणि त्या झेरॉक्सवरून जे काम उभं राहतं ते प्रथिन. प्रथिन बनवणाऱ्या फायली माणसात साधारण २०,००० आहेत, आणि लाल रक्तपेशींसारखा एखादा अपवाद सोडला तर तोच संच जवळपास प्रत्येक पेशीत असतो. यकृतातल्या पेशीकडे आणि डोळ्यातल्या पेशीकडे फायली त्याच. फरक एवढाच, की कुठल्या फायलींच्या झेरॉक्स काढायच्या हे दोघींचं वेगळं ठरलेलं असतं.

कुठल्या जनुकाच्या किती झेरॉक्स निघतात, याला शास्त्रज्ञ 'जनुकाची अभिव्यक्ती' म्हणतात. शब्द जड आहे, म्हणून इथून पुढे मी झेरॉक्सच म्हणणार. हा कागदही हलका असतो. काही प्रती मिनिटांत विरतात, काही तासांत, काही जेमतेम दिवसभर टिकतात. त्यामुळे वरून हुकूम येत राहिला तरच काम चालू राहतं.

शाखा कुठे कुठे आहेत?

प्रतिकारशक्ती म्हटलं की लोक छातीवर हात ठेवतात, जणू ती एखादी वस्तू आहे. ती एक खातं आहे आणि त्याच्या शाखा अंगभर आहेत.

भरती होते हाडांच्या आतल्या मज्जेत. तिथून टी-पेशी नावाचे उमेदवार छातीच्या हाडामागे असलेल्या थायमसमध्ये प्रशिक्षणाला जातात. मराठी पाठ्यपुस्तकांत थायमसला 'यौवनलोपी ग्रंथी' म्हणतात, आणि मला हे नाव फार आवडतं. वयात आल्यावर ती हळूहळू आटत जाते, चरबीनं भरते, हे सगळं त्या एका शब्दात आलं. प्लीहा डाव्या बरगडीखाली बसून रक्त तपासते. आणि लसीका गाठी शेकडो आहेत, गळ्यात, काखेत, जांघेत. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना, ती यातलीच एक गाठ. त्या नाक्यावर तेव्हा गर्दी उसळलेली असते, म्हणून ती सुजते.

थायमसमधली परीक्षा मोठी कडक. तिथल्या काही पेशी एक अजब काम करतात. इन्शुलिनसारखी, म्हणजे खरं तर स्वादुपिंडाच्या ऑफिसातली फाइल त्या थायमसमध्ये बसून उघडतात आणि उमेदवारांना दाखवतात. जो उमेदवार घरच्याच वस्तूवर तुटून पडतो, तो बाद. शंभरातले जेमतेम दोन-चार पास होऊन बाहेर पडतात.

या पास झालेल्या टी-पेशींना वहिनींची किडनी दिसते. बहिणीची असली तरी ती त्यांच्या लेखी परकीच.

डब्यातली पहिली गोळी: शिपायाला दारात अडवणारी

वहिनींच्या डब्यातली मुख्य गोळी टॅक्रोलिमस. टी-पेशीला परकं काही दिसलं की तिच्या आत कॅल्शियम वाढतं. त्यानं एक कारकून जागा होतो. त्याचं नाव कॅल्सिन्युरिन. तो एका शिपायाच्या परवान्यावर सही करतो, शिपाई रेकॉर्ड रूममध्ये शिरतो आणि इंटरल्यूकिन-२ नावाच्या जनुकाची झेरॉक्स काढायला लावतो. त्यातून बनणारं प्रथिन म्हणजे टी-पेशींना "वाढा, फौज जमवा" असा निरोप.

टॅक्रोलिमस त्या कारकुनाचा हात धरते. सही होत नाही, शिपाई दारातच उभा राहतो. फाइल शाबूत, झेरॉक्स मशीन शाबूत, फक्त हुकूम पोचत नाही.

हे औषध माणसानं आपल्या डोक्यातून काढलेलं नाही, मातीतून काढलंय. जपानमधल्या त्सुकुबा पर्वताच्या पायथ्याच्या मातीतल्या एका जिवाणूत ते १९८४ मध्ये सापडलं. नावातला 'ट' तिथला. त्याच कारकुनाला अडवणारं थोरलं भावंड, सायक्लोस्पोरिन, नॉर्वेतल्या एका पठाराच्या मातीतल्या बुरशीतून आलं. आणि इंटरल्यूकिनचा निरोप निघाला तरी तो ऐकू येऊ न देणारं तिसरं, सिरोलिमस, ईस्टर बेटाच्या मातीतलं. त्यावर काम करणारे सुरेन सेहगल हे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ. कंपनीनं मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद केली तेव्हा त्यांनी त्या जिवाणूच्या कुप्या घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवल्या आणि काही वर्षांनी काम पुन्हा सुरू केलं.

या गोळ्यांआधी काय होतं, याची एक खूण आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी माणसाच्या हृदयाचं प्रत्यारोपण केलं. जगातलं पहिलं हृदय-प्रत्यारोपण होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. त्या वर्षी जगभर अनेक शल्यविशारदांनी ही शस्त्रक्रिया केली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत बहुतेकांनी सोडून दिली. हृदय बसवता येत होतं, टिकवता येत नव्हतं. शरीर ते नाकारायचं, पेशंटच्या भाषेत रिजेक्शन यायचं. १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन हाताशी आलं तेव्हा कुठे ही शस्त्रक्रिया रुळली. आज हृदय घेऊन ॲम्ब्युलन्स ग्रीन कॉरिडॉरमधून धावते ते आपण टीव्हीवर पाहतो. पण ते हृदय पुढे वर्षानुवर्षं चालतं ते त्या कारकुनाचा हात धरून ठेवल्यामुळे, आणि ते कुणी टीव्हीवर दाखवत नाही.

दुसरी गोळी: थेट रेकॉर्ड रूममध्ये शिरणारी

प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइड. हिची चाल वेगळी. पेशीच्या आवारात एक ग्राही प्रथिन तिची वाट पाहत बसलेलं असतं. गोळी पोचली की दोघं मिळून थेट केंद्रकात जातात आणि तिथं बसून एकाच वेळी शेकडो फायलींवर शेरे मारतात. काही जास्त काढा, काही बंद. दाह पेटवणाऱ्या प्रथिनांच्या झेरॉक्स काढायला लावणारा एक मोठा अधिकारी असतो, एनएफ-कप्पा-बी नावाचा. स्टिरॉइड त्याचं मनगट धरतं. शिवाय त्याला बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाच्या प्रती वाढवतं.

खरी अडचण अशी, की हे ग्राही प्रथिन शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे. यकृतात तीच जोडी साखर बनवणाऱ्या फायली उघडते. म्हणून वहिनींची शुगर वाढली. चेहरा गोल झाला, हाडं ठिसूळ व्हायला लागली, तेही त्याच हिशेबातलं. "साइड इफेक्ट" म्हणून आपण जे मोजतो तो गोळीचा वेगळा गुण नसतो. तोच हुकूम दुसऱ्या ऑफिसात वाचला गेलेला असतो.

मुंबईनं हे २०२० आणि २०२१ मध्ये फार जवळून पाहिलं. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन, रोज ६ मिलिग्रॅम, व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांतले सुमारे एक तृतीयांश मृत्यू टाळणारं ठरलं. ऑक्सिजनवरच्या रुग्णांतही फायदा दिसला. ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांना मात्र काही फायदा झाला नाही. हा शेवटचा भाग लोकांनी ऐकला नाही. सौम्य आजारात, घरच्या घरी, जास्त डोस, जास्त दिवस स्टिरॉइड घेतलं गेलं. त्यात मधुमेह. पुढच्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, वॉर्ड भरले.

तिसरी गोळी: कागदाचा पुरवठाच तोडणारी

मायकोफेनोलेट. ही हुकूम अडवत नाही. टी-पेशी आणि त्यांच्या जोडीच्या, प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशी यांना स्वतःची दुप्पट संख्या करायची तर अख्ख्या रेकॉर्ड रूमची नक्कल करावी लागते, आणि त्यासाठी लागणाऱ्या कच्च्या मालातला एक घटक ही गोळी बनू देत नाही. इतर बऱ्याच पेशी जुन्या मालाचा पुनर्वापर करून भागवतात. या दोघींना ते पुरत नाही. इथं झेरॉक्सचा हिशेब बदलतो तो पेशी वाढतच नाहीत म्हणून.

हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एकच हुकूम, प्रत्येक शाखेत वेगळा अर्थ

आता मथळ्यातल्या अवयवांकडे. उंदराला स्टिरॉइडचा एक मोठा डोस दिला तर दोन दिवसांत त्याच्या थायमसमधल्या बहुतांश कोवळ्या टी-पेशी मरतात. विषानं मरावं तशा मरत नाहीत. गोळीच्या सांगण्यावरून त्या स्वतःच्याच रेकॉर्ड रूममधली 'आता संपव' अशी फाइल उघडतात. प्रयोगशाळेत झेरॉक्स मशीनच बंद करून ठेवलं तर त्या पेशी स्टिरॉइड देऊनही लवकर मरत नाहीत, इतकं हे हुकमावर चालतं. प्लीहेतल्या आणि लसीका गाठींतल्या पक्क्या, परीक्षा पास झालेल्या टी-पेशी मात्र तोच डोस पुष्कळ सहन करतात. त्या शांत होतात, सगळ्या मरत नाहीत. हुकूम तोच, पण कोवळ्या पेशीची कुलुपं वेगळी आणि मुरलेल्या पेशीची वेगळी.

थायमस ताणानंही आटतं, कारण ताणात शरीर स्वतःचंच स्टिरॉइड, कॉर्टिसोल, जास्त बनवतं. हे माहीत नसल्यामुळे वैद्यकशास्त्राच्या हातून एक भयंकर चूक झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शवविच्छेदनाला येणारी मुलं बहुधा गरिबाघरची, दीर्घ आजारानं गेलेली असत. त्यांचं थायमस आटलेलं असे आणि तेच 'नॉर्मल' म्हणून पुस्तकांत गेलं. मग अचानक दगावलेल्या धडधाकट बाळाचं थायमस मोठं दिसलं की दोष त्याच्यावर. म्हणून पुढे हजारो निरोगी बाळांना छातीवर क्ष-किरण देऊन थायमस 'लहान' केलं गेलं, आणि त्यांतल्या काहींना मोठेपणी थायरॉइडचा कॅन्सर झाला. आटलेल्या अवयवाला मूळचा अवयव समजण्याची ही चूक मला आजचे अभ्यास वाचतानाही आठवत राहते.

आणखी दोन गोष्टी. उंदीर स्टिरॉइडला फार संवेदनशील असतो, माणूस त्या मानानं चिवट. आणि वहिनी पन्नाशीच्या पुढे आहेत. त्यांचं थायमस आधीच बरंचसं चरबी झालंय. तरुण उंदराच्या थायमसमध्ये अमुक इतकी जनुकं बदलली, हे वाक्य त्यांच्यावर जसंच्या तसं चिकटवता येत नाही.

झेरॉक्स कमी निघाल्या, की माणसंच रजेवर?

हा माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी सांगितला जाणारा भाग.

असे अभ्यास बहुधा कसे होतात? प्राण्याला औषध देतात, काही दिवसांनी प्लीहा काढतात, ती अख्खी वाटतात आणि त्या लगद्यात कुठल्या जनुकाचा किती आरएनए आहे ते मोजतात. म्हणजे ऑफिसातले सगळे कागद गोळा करून कुठल्या फाइलच्या किती झेरॉक्स निघाल्या ते मोजायचं.

समजा पाणीपट्टीच्या झेरॉक्स निम्म्यावर आल्या. याचे दोन अर्थ निघतात. एक, पाणीपट्टी विभागाला कमी काढण्याचा हुकूम मिळाला. दोन, त्या विभागाची निम्मी माणसं रजेवर गेली, आणि जी उरली ती पूर्वीइतक्याच काढताहेत. एकूण आकडा दोन्हीकडे सारखाच.

प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांत दुसरी शक्यता पदोपदी येते. स्टिरॉइडच्या डोसनंतर चार-सहा तासांत रक्तातल्या लिम्फोसाइट, म्हणजे मुख्यतः याच टी आणि बी पेशी, घटतात, आणि त्यातल्या पुष्कळशा मेलेल्या नसतात. अस्थिमज्जेसारख्या ठिकाणी जाऊन बसलेल्या असतात. उलट न्यूट्रोफिल नावाच्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीवरून सुटून प्रवाहात येतात, म्हणून सीबीसीच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात आणि घरच्यांना वाटतं इन्फेक्शन झालं. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारावर दिलं जाणारं फिंगोलिमॉड तर लसीका गाठींचं बाहेर पडायचं दारच अडवतं. दादरला पूल बंद ठेवला तर समोरचा प्लॅटफॉर्म रिकामा दिसेल. म्हणून दादरची माणसं संपली असं कुणी म्हणत नाही.

म्हणून "शेकडो जनुकं बदलली" असं वाचलं की मी आधी पाहतो की त्यांनी पेशी मोजल्या का, वेगळ्या केल्या का. आता एकेका पेशीतल्या झेरॉक्स स्वतंत्र मोजायचं तंत्र आलंय, प्रत्येक टेबलावर जाऊन विचारण्यासारखं. महाग आहे, किचकट आहे, पण रजा आणि हुकूम यांतला फरक त्यातून उलगडतो.

"म्हणजे पोरीला काही नाही ना?"

नाही. टॅक्रोलिमस आणि प्रेडनिसोलोन झेरॉक्सवर काम करतात, मूळ फाइलचं अक्षरही बदलत नाहीत. आणि वहिनींची मुलगी तर ही किडनी बसायच्या कितीतरी आधी जन्मली. तिच्याकडे गेलेल्या फायली तेव्हाच गेल्या.

पण सगळ्याच गोळ्यांना सरसकट निर्दोष म्हणणं अप्रामाणिक होईल. सायक्लोफॉस्फमाइड डीएनएलाच इजा करतं आणि बीजांड-शुक्राणूंनाही झळ लावू शकतं, म्हणून तरुण रुग्णांत डॉक्टर आधी मूल होण्याबद्दल बोलतात. जुनं ॲझाथायोप्रिन नव्यानं बनणाऱ्या डीएनएत खोटा घटक घुसवतं, आणि ते वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना कडक ऊन टाळायला सांगतात, कारण त्वचेच्या कॅन्सरचा धोका वाढतो. मायकोफेनोलेट गर्भारपणात चालत नाही, पोटातल्या बाळाच्या घडणीत दोष येऊ शकतात. ते आनुवंशिक नव्हे, गोळी थेट बाळापर्यंत पोचल्याचा परिणाम. मूल हवं असेल तर डॉक्टर आधीच गोळी बदलतात.

"सहा वर्षं झाली, शरीराला सवय झाली असेल की"

हा वहिनींच्या यजमानांचा मुद्दा. गोळ्यांचं बिल तेच भरतात, त्यामुळे मुद्द्याला वजन आहे.

झेरॉक्स विरते, तसा औषधाचा हुकूमही विरतो. टॅक्रोलिमस बारा-बारा तासांनी घ्यायची ती म्हणूनच, आणि लेव्हल तपासायला रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं, सर्वांत कमी असताना ती किती उरते हे कळावं म्हणून. गोळी थांबली की कारकुनाचा हात सुटतो. आणि ज्या टी-पेशींनी ती किडनी एकदा ओळखली, त्या 'आठवण-पेशी' होऊन राहतात. त्यांच्या रेकॉर्ड रूममध्ये हल्ल्याच्या फायलींचं कपाट उघडंच असतं. जनुकांवरच्या रासायनिक खुणा ते उघडं ठेवतात. हुकूम आला रे आला की झेरॉक्स सुरू. यकृत बसवलेल्या मोजक्या लोकांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध थांबवता आलंय. किडनीत ते अतिशय विरळा.

स्टिरॉइडची वेगळी भानगड. शरीर रोज स्वतः जितकं कॉर्टिसोल बनवतं ते साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं. बाहेरून महिनोन्महिने येतंय म्हटल्यावर मेंदूतल्या वरिष्ठांनी कॉर्टिसोल मागवणाऱ्या फायलीच बंद केलेल्या असतात आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथी आळसावतात. एकदम गोळी सोडली तर आजारपणात शरीराला स्वतःचं कॉर्टिसोल मिळत नाही, रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून पायरी-पायरीनं उतरवतात.

काढा, पपनस आणि टीबीची गोळी

"मग प्रतिकारशक्ती कमी झालीय तर काढा घेते थोडा," हे वहिनी कोविडपासून म्हणताहेत. मी हात जोडतो. ज्यांना बसवलेली किडनी टिकवायची आहे त्यांनी प्रतिकारशक्ती वाढवायची म्हणजे आपल्याच घरावर मोर्चा बोलवायचा. गुळवेलीबद्दल तर मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये, ती घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला. तो वाद बाजूला ठेवला तरी डॉक्टरांना न विचारता काढा नको.

पपनसाचं वेगळं. वहिनींचं माहेर कोकणातलं, गणपतीत घरी पपनस असतंच. त्या फळातले आणि त्याच्या चुलतभावातले, म्हणजे ग्रेपफ्रूटमधले काही घटक आतड्यातल्या एका विकराला निकामी करतात. तोच विकर टॅक्रोलिमस मोडतो. मोडणारा नसला की तीच गोळी रक्तात जास्त चढते, आणि चढलेली टॅक्रोलिमस किडनीलाच त्रास देते. इथं फाइल, झेरॉक्स यांना धक्का नाही. खालच्या मजल्यावरचं यंत्र बिघडवलं, एवढंच.

टीबीचं नेमकं उलट, आणि मुंबईत टीबी काही दूरची गोष्ट नाही. प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसात आत झोपलेला टीबी उठू शकतो. त्यावरचं मुख्य औषध रिफाम्पिसिन त्याच विकराच्या झेरॉक्स भरमसाट वाढवतं. आतड्यात, यकृतात मोडणारी यंत्रं वाढतात, टॅक्रोलिमसची लेव्हल धाडकन खाली येते आणि रिजेक्शनची भीती. म्हणजे एका औषधानं एका अवयवातल्या एका जनुकाचं वाचन वाढवलं, आणि त्याचा फटका बसला दुसऱ्या औषधाला आणि तिसऱ्या अवयवाला. डॉक्टर अशा वेळी डोस कित्येक पट वाढवतात किंवा रिफाब्युटिन हे त्याचं सौम्य भावंड वापरतात. म्हणून नवी कुठलीही गोळी, अगदी खोकल्याचीही, लिहून देणाऱ्याला वहिनींनी आधी आपला डबा दाखवायचा.

ब्रेकही त्याच फाइलवर चालतो

एक पेच अजून सुटलेला नाही. टी-पेशींतच काही पेशी ब्रेकचं काम करतात, बाकीच्यांना आवरतात. त्यांचा शोध लावणाऱ्या शिमॉन साकागुची आणि त्यांचं नियंत्रक जनुक हुडकणाऱ्या मेरी ब्रंकॉव व फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. या ब्रेक-पेशी जगतात कशावर? त्याच इंटरल्यूकिन-२ वर, ज्याची झेरॉक्स टॅक्रोलिमस बंद पाडते. म्हणजे हल्लेखोर उपाशी ठेवताना पहारेकरीही उपाशी राहतात. सिरोलिमस या पहारेकऱ्यांना त्या मानानं कमी दुखवतं, पण त्याचे स्वतःचे त्रास आहेत, जखम भरायला वेळ लागतो हा त्यातला एक. किडनी बसवलेल्या लोकांच्या स्वतःच्या ब्रेक-पेशी बाहेर वाढवून त्यांनाच परत देण्याच्या छोट्या चाचण्या परदेशांत झाल्या आहेत.

"ते इकडे कधी येणार?" वहिनींनी विचारलं. लवकर नाही, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. रात्रीचे नऊ झाले होते, फोनचा गजर वाजला तशा त्या डबा शोधायला घरी गेल्या.

दहा मिनिटांनी ग्रुपवर त्यांचा व्हॉइस मेसेज आला. "तो मथळा कुणी टाकलाय त्यांनी ऐका. जीन्स बदलत नाहीत, झेरॉक्स कमी निघतात. आणि कधी कधी माणसंच रजेवर असतात." त्याखाली सेक्रेटरींनी हात जोडलेत आणि लगेच नोटीस टाकलीय, की उद्या टाकी धुणार, पाणी सकाळी सातपर्यंतच.